अकरा दिवे

महाड,
ता. २१ जानेवारी १९३७

प्रिय तुळसा हिला बिल्किसचा सलाम.

तुझ्याकडची खुशाली तुझ्या दिराकडून कळली. गोमाजी भात घेऊन गिरणीवर आला होता. त्याला चहा दिला, घरातली सगळी विचारपूस केली. तुझ्या मालकांचं, महिपतभाऊंचं, मुंबईचं काम ठीक चाललंय, म्हैस व्याली, रेडी झाली, सगळं सांगितलं त्यानं. आणि निघता निघता, वहाणा पायात सरकवताना म्हणाला, "मैनेला आठवा लागला." तुझ्या लेकीची एवढी मोठी बातमी अशी उंबऱ्यावर ठेवून गेला! तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तीन दिवस झाले, कागद पुढ्यात घेते आणि उठते.

आमच्याकडे सगळे बरे. आमच्या सलीमाची सोयरीक, गेल्या साली बघून गेले त्या नाते गावच्या घरीच, पक्की आहे. निकाह पावसाळ्याआधी उरकायचा म्हणतात. सलीमाच्या अब्बांना खोकला लागलाय, पण गिरणी सोडून घडीभर घरी बसतील तर शपथ. नवा इंजिनवाला त्यांच्या मनासारखा नाही. तो तेलाचं बघतो तर पट्ट्याचं विसरतो.

आता आमच्या घरची नवी तऱ्हा सांगते. तुला हसू येईल. गिरणीच्या इंजिनाला डायनॅमो जोडून आळीतल्या आठ घरांना आणि दवाखान्याला वीज दिली, ती तू पाहिलीच आहेस. दिवस मावळताना चालू होते, नऊला बंद. इंजिन लहान, म्हणून घरटी दोन दिवे असा यांनी नियम घातला. कुणी जास्त लावले की बाकीच्यांचे मंदावतात. उन्हाळ्यात बारीक झऱ्यावर सगळ्या जणींनी एकदम घागरी लावाव्या तशी गत.

तर मी घरात आता दोन नाही, एकच दिवा लावते.

एका दिव्यावर घर चालवायचं तर सगळ्या सवयी बदलाव्या लागतात गो. भाकऱ्या मी उन्हातच थापून घेते. मगरिबची अजान होते तेव्हा आमची चूल विझलेली असते. दिवा वर आढ्याला होता, तो दोरी सोडून हातभर खाली आणला. स्वयंपाकघराची भिंत काजळीनं काळी झाली होती, ती चुन्यानं रंगवली. तेवढ्याच दिव्याचा उजेड दीडपट पडतो, खरंच सांगते. माजघराच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीत एक चौकोन पाडून घेतला, म्हणजे एकच दिवा दोन्हीकडे पुरतो. गवंडी म्हणाला, "भाभी, विजेच्या घरात खिंडार कशाला?" मी म्हटलं, तू पाड. रोज दुपारी कोरड्या फडक्यानं काच पुसते. पाखरांची घाण बसली की उजेड निम्मा होतो. सलीमाचं शिवणकाम खिडकीशी, दिवसाउजेडी.

सलीमा कुरकुरते. "अम्मी, गिरणी आपली, वीज आपली, आणि अंधार पण आपल्याच घरात!" तिचे अब्बा हसून सोडून देतात. पण परवा ते म्हणाले, "बिल्किस, तू दिवे वाचवतेस की दिव्यांना भितेस?" मी ताट वाढून घेतलं.

थांब, कोठीत जाऊन आले. दिवा राहिला की काय असं वाटलं. नव्हता. तिथे आता दिवाच नाही, मीच काढून टाकलाय. तरी पाय जातातच. लिहायला बसल्यापासून ही तिसरी खेप.

आळीतल्या बायकांनाही मी सांगत असते. संध्याकाळी तांदूळ निवडायला सगळ्या एका ओटीवर या, एका दिव्याखाली बसू, बाकीची घरं बंद ठेवा. दोघी-तिघी येतात. बाकीच्या म्हणतात, शेठाणीला वेड लागलंय. लागू दे.

तुळसा, आता मूळ कामाचं लिहिते. मैनेला खाली घेऊन ये. डॉक्टरांनी गेल्या साली स्वच्छ सांगितलं होतं की पोरीचं हाड अरुंद आहे, पुढच्या वेळी त्यांच्या नजरेखालीच बाळंतपण व्हायला पाहिजे. ते विसरू नकोस. नववा लागायच्या आधीच आण. आमच्या मागच्या दोन खोल्या मोकळ्या आहेत. सर्विस मोटारीत पुढची जागा यांना सांगून राखून ठेवते, म्हणजे घाटात हिसके बसायचे नाहीत.

गेल्या साली झालं ते नशीब. इंजिन बिघडलं, त्याला कोण काय करणार? ते आता नीट केलंय. तसं पुन्हा होणार नाही, हे मी तुला छातीवर हात ठेवून सांगते.

वर्ष होत आलं, तू मला एक ओळ लिहिली नाहीस. मीही दोनदाच लिहिलं. पोलादपूरच्या शाळेत आपण दोघीच मुली होतो, एका पाटीवर लिहायचो, हे तरी मनात आण आणि दोन ओळी टाक.

तुझ्या पत्रासाठी टपालवाल्याची वाट अडवणारी,
बिल्किस


वाडी, पोलादपूर
ता. ३० जानेवारी

बिल्किस हिला तुळसाचा रामराम.

तुजा कागद भेटला. दोन दिवस लावून वाचला. माजा अक्षर तुला ठावा हाय, समजून घे.

मैना बरी हाय. आठवा चालू हाय. तिला खाली आनायची नाय. हितं रंगूबाई सुईन हाय, तिच्या हातावर माजी चार पोरा झाली. मैनेच्या पैल्या पोराच्या वेळी रंगूबाई नको, डाक्टर पायजे, तितं वीज हाय, दिवसासारखा उजेड पडतो, असा तूच बोललीस. तूच मोटार धाडलीस. म्हनून मी आनली. आनि पोर काळा-निळा होऊन माज्या पदरात दिलान.

तू दिवं राखतेस त्या बेस झाला. पन आमच्या घरात वीज नाय. मंग भिंतीला चुना लावला नि भोक पाडला ह्या मला कशाला सांगतेस? मी लय इचार केला. मानूस उगाच येवडा सांगत नाय.

चांगू इंजिनवाला माज्या मामाच्या वाडीचा. शेठनं त्याला काढला. त्याच्या केसाला पांढरा लागला, आता कोन काम देतो? मी त्याला गाठून इचारला, त्या दिशी इंजिनाला काय झाला? त्यानं मान खाली घातली. बोलला, "तुळसाबाय, मला नका इचारू." चांगूला खोटा बोलता येत नाय, म्हनून तो गप ऱ्हातो.

तो गप हाय. तू बोल.

तुळसा


महाड,
ता. ४ फेब्रुवारी १९३७

तुळसा,

तुझं पत्र काल आलं. आज लिहिते, आजच टपालात टाकते. उद्यावर ठेवलं तर माझा धीर जाईल.

इंजिन बिघडलं नव्हतं. गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं. वर्षभर सगळ्यांना तेच सांगत आले.

त्या शुक्रवारी सलीमाला बघायला नाते गावची मंडळी आली होती. मुलाची फुफी, तुमच्यात आत्या म्हणतात ती, मुंबईला राहिलेली. तिच्या घरी वीज आहे, पंखा आहे. मला वाटलं, महाडची म्हणून तिनं आपल्याला कमी लेखू नये. अंगणात तार ओढून घेतली आणि नऊ दिवे जास्त टांगले. आमचे दोन आणि हे नऊ, अकरा. चांगू नको म्हणत होता. मी म्हटलं, शेठना विचारलंय. विचारलं नव्हतं. संध्याकाळी हे आत आले, वर बघून म्हणाले, "एवढे दिवे? दवाखान्यात मैना आहे ना?" मी म्हटलं, "दवाखान्यातल्या सुईणबाईंना विचारून आले, उजाडेपर्यंत काही होत नाही." हे मात्र खरं होतं. बाई दुपारी तसं म्हणाल्या होत्या. त्या एका शब्दावर मी अकरा दिवे लावले.

पाहुणे जेवायला बसले आणि चांगू मागच्या दाराला आला. धावत आला होता, धाप लागली होती.

"भाभी, अंगणातलं दिवं बंद करा. दवाखान्यात दिव्याच्या गोळ्यातला दोरा नुसता लाल दिसतोय. डाक्टरला हात दिसत नाय. पोरीला कळा आल्यात."

मी ऐकलं, तुळसा. नीट ऐकलं. मैनेचंच म्हणतोय हेही समजलं. माझ्या हातात गोडाची, शिरणीची ताटली होती. मी म्हटलं, "पाहुणे जेवतायत. मध्येच अंधार केला तर काय म्हणतील? पाच मिनिटं थांब."

"भाभी, पाच मिन्टं तिकडं नायत."

"पोरीच्या सोयरिकीचं आहे रे चांगू," मी म्हटलं आणि दार लोटलं.

तो परत इंजिनाकडे पळाला, जास्त तेल देऊन बघितलं, काही होईना. आमच्या घरची तार वेगळी तोडता येत नव्हती. तोडली असती तर दवाखानाही गेला असता. मी पाच मिनिटं म्हटलं होतं, पंधरा गेली. फुफीचे हात धुवून झाल्यावर मी अंगणातले दिवे काढले. तोवर तिकडे बाई कंदील शोधत होत्या. वीज आल्यापासून त्यात घासलेट घालायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. तू ओसरीवर होतीस. हे सगळं तू माझ्याहून जास्त पाहिलंस.

नाळ गळ्याभोवती होती. उजेड असता तर मूल वाचलं असतं का, हे मी डॉक्टरांना विचारलं, सहा महिन्यांनी, दुसऱ्याच कुणाचं विचारावं तसं. ते म्हणाले, "सांगता येत नाही. वाचलं असतं असंही नाही, नसतं असंही नाही." तेवढ्यावर मी जगतेय. रोज एकदा वाटतं वाचलंच नसतं, आणि रोज एकदा वाटतं वाचलं असतं.

दुसऱ्या दिवशी यांनी चांगूला विचारलं. मी दाराआड होते. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "इंजिन तापला हुता शेठ. माजी चूक." त्याच दिवशी त्याला काढलं. मी दाराआडून हलले नाही.

आता तुझं पत्र आल्यावर काय झालं तेही सांगते.

काल यांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या वेळी मी तिथेच बसलो होतो?" मी म्हटलं, हो, फुफीच्या नवऱ्याला वाढत होता. ते उठले, टोपी घातली आणि भर उन्हात चांगूच्या वाडीला चालत गेले. मोटारीनं नाही, चालत. आज सकाळी चांगू आला आहे. माझ्याकडे आला नाही, मी जाऊन त्याच्यापुढे उभी राहिले. काय म्हणायचं ते ठरवून गेले होते, पण आधी त्यानंच तोंड उघडलं. तो म्हणाला, "भाभी, मला दवाखान्याची तार येगळी करून पायजे. घरांची येगळी. खटका माज्या हातात. तितनं घंटा वाजली की मी कुनाला इचारनार नाय." यांनी लगेच हो म्हटलं. तार आणायला माणूस गेला आहे.

सलीमालाही सांगितलं. ती पांढरी पडली. "माझ्यासाठी लावलेत म्हणालीस ना ते दिवे?" एवढंच म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली. मी जेवायला हाक मारली तर आली नाही. आळीतही मी स्वतःच घरोघर जाऊन सांगितलं. एकीनं बसायला पाट दिला, बाकीच्यांनी उभ्या उभ्या ऐकलं.

तू मला माफ कर असं मी लिहीत नाही. माझ्या घरी येऊ नकोस, माझं तोंड बघू नकोस. मी गुन्हेगार आहे, डॉक्टर नाहीत. रंगूबाईचा हात चांगला आहे, पण अरुंद हाडाला तिचा हात पुरायचा नाही, हे तुलाही कळतं. माझ्यावरच्या रागानं मैनेला वर ठेवू नकोस. चांगूचा मेव्हणा सदू कुंभारआळीत राहतो. त्याच्याकडे उतरा. मी त्या वाटेनं फिरकणार नाही.

याहून जास्त लिहायचा हक्क नसलेली,
बिल्किस


महाड,
ता. १३ मार्च १९३७

तुळसा हिला सलाम.

तुम्ही मंगळवारच्या मोटारीनं परत गेलात हे चांगूनं सांगितलं. घाटात त्रास झाला नसेल अशी आशा आहे.

तू माझ्या पत्राला उत्तर दिलं नाहीस आणि मैनेला घेऊन आलीस. तुम्ही सदूकडे उतरल्याचं मला त्याच दिवशी कळलं. मी आले नाही. म्हटल्याप्रमाणे वागले, पण कसे दिवस काढले ते माझं मला ठाऊक. गुरुवारी संध्याकाळी तिला दवाखान्यात घेतलं असं चांगू सांगत आला, आणि मी घरातला तो एक दिवाही लावला नाही. बाहेर बघते तर समोरच्या घरात अंधार. त्याच्या पलीकडे अंधार. आळीची आठही घरं! मी कुणाला सांगितलं नव्हतं, घंटाही वाजली नव्हती. ज्या बाईनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, ती पायरीवर बसून अंधारात लसूण सोलत होती. मला म्हणाली, "काय बघतेस? तुझ्यासाठी नाही केलं." आळीच्या टोकाला दवाखान्याच्या खिडक्या तेवढ्या पांढऱ्या दिसत होत्या. शुक्रवारी संध्याकाळीही तसंच. मैना अडलेलीच होती. माझ्यानं एका जागी बसवेना. या दारातून त्या दारात, त्या दारातून या दारात. हे म्हणाले, "नमाज पढ, निदान तेवढा वेळ बसशील." पढले. सजद्यात असताना तुमचाच आवाज येतोय का ते ऐकत होते.

आणि शेवटी पोर आली ती शनिवारी सकाळी साडेदहाला. खिडकीतून ऊन पडलेलं, इंजिन बंद, एकही दिवा लागला नाही! हे ऐकून मी आधी हसले, आणि मग सलीमानं येऊन मला धरलं. महिन्याभरानं ती माझ्या अंगाला लागली.

मी वचन मोडलं, तेही सांगते. चांगू म्हणाला, "झाली, पोरगी," आणि माझे पाय आपोआप निघाले. दवाखान्याच्या नळापर्यंतच आले. पुढे येण्याचं धाडस झालं नाही. तू बाळंतिणीची वस्त्रं धुवायला बाहेर आलीस आणि आपण समोरासमोर झालो. वर्षानं. तू किती वाळलीस गो. मी म्हटलं होतं, तू तोंड फिरवशील, आणि ते मला सोसलं असतं. पण तू बादली खाली ठेवलीस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "पोरगी हाय. आल्या आल्या रडली." मग बादली उचललीस, वस्त्रं पिळलीस आणि आत गेलीस.

त्या दोन वाक्यांचा मी आठवडाभर अर्थ लावतेय. कधी वाटतं, तू मला क्षमा केलीस. कधी वाटतं, पहिलं पोर रडलं नव्हतं हे तू मला ऐकवलंस. दोन्ही खरं असेल. तुला विचारणार नाही. तुला सांगायचं असेल तर सांगशील.

डॉक्टर भेटले होते. म्हणाले, वेळेवर दवाखान्यात आणलं नसतं तर आई आणि मूल दोन्ही गेली असती. हे तुला आनंदानं कळवते, पण त्यात माझं काही नाही. आणलीस तू. रागावर पाय देऊन आणलीस. मी असते तुझ्या जागी, तर मला जमलं नसतं.

सलीमाच्या निकाहाची तारीख वैशाखात धरली आहे. भर दुपारी करायचा, असं तिनंच तिच्या अब्बांना सांगितलं. नाते गावाहून कुरकुर आली, की संध्याकाळची शोभा राहणार नाही. ती म्हणाली, नसू दे. त्या घरच्यांनाही मी सगळं कळवलं आहे. फुफीचं उत्तर आलेलं नाही, मुलाचं आलं. तो म्हणतो, त्या दिवशी ताटाला मीही बसलो होतो.

मला स्वस्थता आलेली नाही. येईल असं वाटत होतं, सांगून टाकलं की येईल. आता दिवेलागणीला कोठीत जात नाही, एवढाच फरक. त्या वेळी दारात जाऊन उभी राहते आणि दवाखान्याकडे बघते. तिथे आज कोण आहे, कुणाची लेक आहे, हे चांगूला विचारते. तो सांगतो. पूर्वी कधी विचारलं नव्हतं मी.

शिमगा आला. पोरीची पाचवी झाली असेल. नाव ठेवायचं असेल. मला काही पाठवावंसं वाटतं, झबलं शिवून तयार आहे, सलीमानं काठ घातला आहे. पण तुझ्या होकारावाचून पाठवणार नाही. तसंच पडून राहील आणि पोर मोठी होईल, तरी चालेल.

तुझ्या नातीला एकदा दिवसाउजेडी, लांबून का होईना, बघू देशील का एवढंच विचारणारी, आणि नाही म्हणालीस तरी तुझीच,
बिल्किस